खर्जाची घडण : बास गिटारच्या पूर्वविवर्धकातील स्वरनियंत्रणांची निवड

परदेशी वाद्य आपलेसे करून घेण्याची विद्या मद्रासला जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात युरोपीय वादकांच्या वाद्यवृंदात वाजणारे व्हायोलिन बालुस्वामी दीक्षितर यांनी शिकून घेतले आणि ते कर्नाटक संगीतात आणले. तंजावरच्या मराठा दरबाराशी संबंध असलेल्या वडिवेलू यांना त्रावणकोरचे महाराज स्वाती तिरुनाळ यांनी १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. तोपर्यंत या वाद्याने दक्षिणेत आपले आसन पक्के केले होते. हे सारे घडत असता वाद्याचा आकार फारसा बदलला नाही. बदलली ती त्याची बैठक आणि तारांची जुळणी. वादक मांडी घालून बसला, वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकले आणि तारा षड्ज-पंचमात लागू लागल्या. वाद्य कोणत्या संगीतासाठी वाजवावयाचे आहे हे आधी ठरले व मग त्यानुसार त्याची व्यवस्था लावली गेली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शहरात या विचाराला विजेची जोड मिळाली. उप्पलपु श्रीनिवास या बालवादकाने मॅन्डोलिनवर कर्नाटक संगीत वाजवावयास आरंभ केला तेव्हा मुख्य अडचण नादाच्या आयुष्याची होती. मूळ मॅन्डोलिनच्या जोडतारांचा आवाज छेडताक्षणी उमटतो व लगेच विरतो. गमकासाठी मात्र स्वर टिकून राहावा लागतो. श्रीनिवास यांनी जोडतारा काढून पाच एकेरी तारा स्वीकारल्या आणि वाद्याला विद्युत् विवर्धनाची जोड दिली. २०१४ साली चेन्नईत त्यांचे निधन झाले, तोवर हे वाद्य कर्नाटक सभांमध्ये पूर्णपणे रुळले होते. तारेची निवड आणि विजेच्या उपकरणाची निवड या दोन्ही सांगीतिक निवडीच असतात, हे त्यांच्या वाद्याने दाखवून दिले.

बास गिटारची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. हे वाद्य चेन्नईत सभागृहाच्या दारातून आले नाही. ते चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांतून आणि लग्नसमारंभात वाजणाऱ्या 'मेल्लिसै' म्हणजे सुगम संगीताच्या वाद्यवृंदांतून रुजले. १९७६ साली 'अन्नक्किळि' या चित्रपटाद्वारे पदार्पण करणारे इळैयराजा स्वत: गिटारवादक होते. त्यांच्या रचनांत बास गिटार केवळ तालाला टेकू देत नाही; गायकाच्या सुरावटीसमोर ती आपली स्वतंत्र सुरावट चालवते. १९९२ च्या 'रोजा'नंतर ए. आर. रहमान यांचे युग सुरू झाले व त्यांच्या ध्वनिमुद्रणांशी कीथ पीटर्स यांच्यासारख्या बासवादकाचे नाव जोडले गेले. अशा रीतीने या शहरातील श्रोत्याचा कान खर्जातील सुरावटीला सरावलेला आहे. येथील वादक जेव्हा कारागिराकडून स्वत:साठी वाद्य घडवून घेतो, तेव्हा खर्ज ऐकू यावा एवढ्यावर त्याचे भागत नाही. तो स्पष्टपणे, शब्दासारखा ऐकू यावा अशी त्याची अपेक्षा असते. या अपेक्षेची पूर्तता ज्या लहानशा मंडलावर बरीचशी अवलंबून असते, त्याला पूर्वविवर्धक किंवा रूढ भाषेत प्रीअ‍ॅम्प म्हणतात. त्यावर कोणती स्वरनियंत्रणे असावीत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

तारेपासून विवर्धकापर्यंत

आज ज्या स्वरूपात बास गिटार परिचित आहे, ते स्वरूप १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या 'प्रिसिजन बास' या वाद्याने निश्चित केले. तिच्या चार तारांची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, जाड तारेपासून क्रमाने ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ अशी असते. पाच तारांच्या वाद्यात आणखी एक जाड तार येते व तिची कंप्रता सुमारे ३०.९ हर्ट्झ असते.

परंतु कोणतीही तार एकाच कंप्रतेने कंप पावत नाही. ४१ हर्ट्झच्या मूळ स्वराबरोबर ८२, १२३, १६५ अशा चढत्या कंप्रतांचे अधिस्वरही उमटतात. नादाची तारता मूळ कंप्रतेवरून ठरते, तर त्याचा गुण या अधिस्वरांच्या परस्पर प्रमाणावरून ठरतो. वीणा आणि सरोद एकाच स्वरावर लावले तरी डोळे मिटून त्यांतील भेद कळतो, त्याचे हेही एक प्रमुख कारण आहे. स्वरनियंत्रण म्हणजे हे प्रमाण बदलण्याचे साधन होय. जे अधिस्वर तारेत उमटलेच नाहीत ते कोणतेही नियंत्रण निर्माण करू शकत नाही. जे उमटले आहेत त्यांना ते पुढे आणू शकते अथवा मागे सारू शकते. ही मर्यादा आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. जुन्या, मळलेल्या तारांनी हरवलेली झळाळी बटण फिरवून परत येत नाही. तेथे तारा बदलणे हाच उपाय.

तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये चुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलली की वेढ्यांत क्षीण विद्युत् दाब उत्पन्न होतो. वेढ्यांच्या प्रवर्तकतेचा आणि वाद्याला जोडलेल्या केबलच्या धारकतेचा संयोग झाला की एका ठरावीक कंप्रतेजवळ अनुस्पंदन घडते, म्हणजे त्या भागातील अधिस्वर उठून येतात. उदाहरणार्थ, प्रवर्तकता ४ हेन्री आणि एकूण धारकता ५०० पिकोफॅरड असेल, तर हे शिखर सुमारे ३,५५० हर्ट्झवर येते. केबल लांब झाली आणि धारकता १,००० पिकोफॅरडपर्यंत गेली, तर तेच शिखर सुमारे २,५०० हर्ट्झपर्यंत खाली सरकते. दोन वेगवेगळ्या लांबीच्या केबलींनी एकच वाद्य वेगळे का वाजते, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

जुन्या पद्धतीच्या वाद्यात स्वरनियंत्रणाचे एकच बटण असते. ते फिरवले की एक धारित्र हळूहळू मंडलात येते व उच्च कंप्रता जमिनीकडे वळवल्या जातात. याला बॅटरी लागत नाही. मात्र हे नियंत्रण फक्त वजाबाकी जाणते. शिवाय आवाजाचे बटण थोडे कमी करताच केबलच्या धारकतेचा परिणाम बळावतो आणि झळाळी नकळत उतरते. वाद्यातच पूर्वविवर्धक बसवण्याचा पहिला लाभ येथे दिसतो. तो पिकअपला केबलपासून अलग करतो. पिकअपचा क्षीण संकेत घेऊन तो अशा स्वरूपात बाहेर सोडतो की सहा मीटर केबलने त्याचे काही बिघडत नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील 'अ‍ॅलेम्बिक' या संस्थेने मागणीनुसार घडवलेल्या वाद्यांत अशी मंडले बसवली आणि १९७६ साली आलेल्या 'म्युझिक मॅन स्टिंगरे' या वाद्याने ती सामान्य वादकाच्या हाती दिली.

नियंत्रणांचे प्रकार

पूर्वविवर्धकात बसवता येणारी नियंत्रणे अनेक नावांनी विकली जातात. परंतु त्यांच्या मुळाशी चारच कल्पना आहेत.

पहिली कल्पना पीटर बॅक्सँडल या ब्रिटिश अभियंत्याची. त्यांनी १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' या नियतकालिकात ऋण प्रतिपुष्टीवर आधारलेले स्वरनियंत्रण मंडल प्रसिद्ध केले. रेडिओग्रामवरील बास आणि ट्रेबल या दोन बटणांचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे मंडल ठाऊक आहे असे म्हणावयास हरकत नाही. बटण मध्यावर असता ध्वनी जसाच्या तसा जातो. उजवीकडे फिरवल्यास तो भाग वाढतो, डावीकडे फिरवल्यास घटतो. अशा नियंत्रणाचा परिणाम एका कंप्रतेपासून पुढच्या साऱ्या पट्ट्यावर पायरीसारखा पसरतो. त्याची चढण सौम्य असल्याने ध्वनी सहसा विकृत वाटत नाही. निवड करावयाची ती ही पायरी कोठून सुरू व्हावी याची.

दुसरी कल्पना मध्य कंप्रतांच्या नियंत्रणाची. येथे पायरीऐवजी टेकडी असते. ठरलेल्या कंप्रतेभोवतीचा भाग उंचावतो वा खचतो, दोन्ही बाजूंचा प्रदेश तसाच राहतो. टेकडीचे शिखर कायमचे एकाच जागी ठेवता येते, कळ दाबून दोन-तीन जागांपैकी एक निवडता येते, किंवा दुसऱ्या बटणाने ते हवे तेथे सरकवता येते. सरकत्या शिखराची सोय मोठी; पण तिच्यासाठी आणखी एक बटण लागते आणि कार्यक्रम चालू असता चुकीच्या जागी हात जाण्याचा धोकाही वाढतो.

तिसरी कल्पना गाळणीची. 'अ‍ॅलेम्बिक' आणि इंग्लंडमधील 'वॉल' या वाद्यांमुळे ती प्रसिद्ध झाली. येथे बास वा ट्रेबल असा भेद नसतो. एका मर्यादेवरील सर्व कंप्रता गाळल्या जातात आणि ती मर्यादा बटणाने वरखाली सरकवता येते. कळ दाबली की मर्यादेलगतचे अधिस्वर थोडे उठावदार होतात. त्यामुळे माणसाने तोंडाचा आकार बदलत 'ऊ'पासून 'आ'पर्यंत जावे तसा नादाचा गुण बदलतो. ज्याला एकाच बटणाने मोठा पल्ला हवा आहे, त्याला ही रचना मानवते. जुन्या बास-ट्रेबलच्या सवयीच्या वादकाला मात्र ती आरंभी बुचकळ्यात टाकते.

चौथी कल्पना पूर्वविवर्धकाच्या आधीची आहे : दोन पिकअपांचे मिश्रण. पट्टीजवळचा पिकअप मूळ स्वर अधिक उचलतो, घोडीजवळचा पिकअप अधिस्वर अधिक उचलतो. या दोहोंचे प्रमाण बदलणे हेही स्वरनियंत्रणच आहे, आणि पुष्कळदा ते सर्वांत नैसर्गिक ठरते. प्रत्येक पिकअपला स्वतंत्र अलगीकरण दिले, तर एकाचा आवाज कमी करताना दुसऱ्याचा गुण बदलत नाही. नियंत्रणांची यादी करताना या बटणाची गणना करण्यास अनेक जण विसरतात.

कान काय ऐकतो

खर्ज कमी वाटतो, तेव्हा खर्जाचे बटण उजवीकडे फिरवावे हा उपाय कोणालाही सुचेल. तो बहुधा चुकीचा असतो. त्याची कारणे कानाच्या रचनेत आणि विजेच्या हिशेबात आहेत.

फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, मंद आवाजात मानवी कान खर्जाला बराच बधिर असतो. आवाज मोठा होत जातो तशी ही बधिरता कमी होते. म्हणून घरी, शेजाऱ्यांची झोप सांभाळून वाजवताना जो वाढवलेला खर्ज भरदार वाटतो, तोच व्यासपीठावर सारे संगीत गढूळ करून टाकतो. घरच्या सरावावरून नियंत्रणांचा पल्ला ठरवणाऱ्याची हमखास फसगत होते.

दुसरी गोष्ट अधिक विस्मयकारक आहे. लहान रेडिओच्या ध्वनिक्षेपकातून ४१ हर्ट्झचा स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाही. तरीही ऐकणाऱ्याला बासची सुरावट कळते. ८२, १२३, १६५ हर्ट्झ असे अधिस्वर कानी पडले की, मेंदू त्यांच्यातील समान अंतरावरून हरवलेला मूळ स्वर जणू स्वत:च पुरा करतो. चहाच्या दुकानातील ट्रान्झिस्टरवर आणि पुढे कॅसेटवर तमिळ चित्रपटगीतांतील बास लोकांनी ऐकली व ध्यानात ठेवली, त्यामागे हेही रहस्य आहे. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो : सुरावट स्पष्ट ऐकू यावी असे वाटत असेल, तर १०० हर्ट्झखालच्या प्रदेशापेक्षा २०० ते १,००० हर्ट्झ या प्रदेशावरील ताबा अधिक मोलाचा आहे. २५० हर्ट्झच्या आसपास नादाला मांसलपणा येतो, आणि तो फार झाला तर घुमटपणा येतो. ५०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान सुरावटीचा उच्चार असतो. २,००० ते ३,००० हर्ट्झच्या भागात बोटाचा आघात ऐकू येतो. त्याच्याही वर तारेवरील बोटांचे घर्षण आणि मंडलाचा स्वत:चा सूंसूं आवाज यांखेरीज फार थोडे उरते.

तिसरे कारण हिशेबाचे. खर्ज १२ डेसिबेलने वाढवला, तर विद्युत् दाब चौपट आणि लागणारी शक्ती सोळापट होते. एखादा विवर्धक १० वॅट शक्तीवर आरामात चालत असेल, तर त्या वाढीसाठी खर्जाच्या स्वरांना त्याच्याकडून १६० वॅटची मागणी होते. तो १०० वॅटचा असेल, तर ध्वनी फाटणार हे ओघानेच आले. ध्वनिक्षेपकाच्या पडद्यावरही ताण येतो. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरावयाचे, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. वाद्यातील ९ व्होल्टच्या बॅटरीचीही मर्यादा असतेच. त्या दाबावर संकेताला मध्यापासून दोन्ही बाजूंस जेमतेम चार व्होल्टपर्यंत झेपावता येते. जोरकस आघाताने पिकअपमधून एक व्होल्टचे शिखर आले आणि ते चौपट वाढवले, की छप्पर गाठलेच. दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्ट केल्यास ही जागा दुप्पट होते. खर्च आणि लाकडातील पोकळीही वाढते.

शहराचे हवामान आणि वीज

नियंत्रणांची निवड कागदावर सर्वत्र सारखी असली, तरी प्रत्यक्षात तिला स्थळाचे संस्कार होतात. भारतात घरोघरी येणारी वीज ५० हर्ट्झची आहे, आणि ती एकदिश करणाऱ्या उपकरणांतून १०० हर्ट्झची गुणगुण उमटते. बास गिटारची सर्वांत बारीक तार ९८ हर्ट्झवर लागते. ही तार मोकळी छेडली आणि त्याच वेळी पिकअपने १०० हर्ट्झची गुणगुण उचललेली असली, तर दोन नादांची परस्परांशी टक्कर होऊन सेकंदाला सुमारे दोन हेलकावे ऐकू येतात. तार बेसूर लागली आहे असे समजून वादक खुंटी पिळत बसतो. दोष मात्र तारेचा नसतो. विद्युत् दिव्यांच्या माळांनी आणि प्रकाश कमीजास्त करणाऱ्या उपकरणांनी भरलेल्या कल्याणमंडपात हा उपद्रव विशेष जाणवतो.

खर्जाचे नियंत्रण ही गुणगुणही तितकीच वाढवते, आणि बासच्या सुरांना धक्का न लावता ती नियंत्रणाने नाहीशी करता येत नाही. कारण ती सुरांच्याच प्रदेशात वसलेली असते. तिचा बंदोबस्त आधीच करावयास हवा. गुणगुण परस्पर छेदली जाईल अशा दुहेरी वेढ्यांचे पिकअप निवडावेत आणि पोकळीला आतून तांब्याचा पत्रा लावून तो जमिनीला जोडावा. हा खर्च चौथ्या-पाचव्या बटणाच्या खर्चापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

समुद्रकाठची दमट, खारी हवा हा दुसरा विचार. फिरते रोधक, ज्यांना कारागीर पॉट म्हणतात, त्यांच्या आतील कार्बनच्या पट्टीवर आणि सरकत्या संपर्कावर अशा हवेचा परिणाम होऊन काही काळाने ते फिरवताना खरखर ऐकू येते. जितकी बटणे अधिक, तितकी खरखरीची स्थाने अधिक. म्हणून बंदिस्त बनावटीचे पॉट घेणे, आणि त्यांची मापे सहज मिळणारी ठेवणे श्रेयस्कर. अण्णा सालैलगतच्या रिची स्ट्रीटवर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकाने दाटीने आहेत. तेथे जे माप सहज मिळते ते वापरून घडवलेले मंडल दुरुस्त करता येते. परदेशातून मागवलेला दुहेरी दांड्याचा खास पॉट बिघडला, तर कार्यक्रमांच्या ऐन मोसमात वाद्य घरी बसते आणि वादकाची त्या महिन्याची कमाईही बसते.

बॅटरीचा प्रश्नही उपजीविकेशी निगडित आहे. मंडल एक मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ५०० तास पुरते. तिप्पट प्रवाह घेत असेल, तर पुरते दीडशेच्या जरा वर. बहुतेक वाद्यांत केबलचा प्लग आत घालताच बॅटरी चालू होते, तेव्हा रात्रभर प्लग तसाच राहिला तर ते तास फुकट जातात. ती गाण्याच्या मध्येच संपली, तर आवाज फाटतो आणि मग बंद पडतो. म्हणूनच पूर्वविवर्धक वगळून पिकअपचा संकेत थेट बाहेर सोडणारी कळ ही चैन मानू नये. चार बटणे आणि ही कळ यांत एकाचीच जागा असेल, तर बटण सोडावे आणि कळ ठेवावी.

तीन वादक, तीन निवडी

या साऱ्या विवेचनाचा उपयोग कसा करावा हे तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

ध्वनिमुद्रणगृहात वाजवणाऱ्या वादकाचा संकेत थेट मिश्रण-मेजावर जातो. तेथे ध्वनिमुद्रकापाशी वाद्यावरील कोणत्याही नियंत्रणाहून अधिक सूक्ष्म साधने असतात. त्याला हवा असतो स्वच्छ, अविकृत संकेत, कारण एकदा कापलेले अधिस्वर नंतर निर्दोष परत मिळत नाहीत. अशा वादकाला पिकअपचे मिश्रण, आवाजाचे बटण आणि जुन्या पद्धतीचे एक साधे स्वरनियंत्रण पुरेसे आहे. पूर्वविवर्धकाने केवळ अलगीकरण करावे.

मेल्लिसै वाद्यवृंदातील वादकाची स्थिती याच्या उलट असते. एकाच रात्री त्याला पन्नास वर्षांतील गाणी वाजवावी लागतात, आणि प्रत्येक मंडपातील ध्वनिव्यवस्था निराळी असते. त्याला बास आणि ट्रेबल ही बॅक्सँडल पद्धतीची दोन बटणे आणि कळीने दोन स्थाने बदलणारे एक मध्य नियंत्रण सोयीचे. वाढ मात्र बेताची असावी. ८ ते १० डेसिबेल पुरेसे होतात. घुमणाऱ्या मंडपात त्याला बटणे डावीकडे फिरवण्याचीच वेळ अधिक येते. अशा ठिकाणी २५० हर्ट्झच्या आसपासची थोडी घट सुरावट मोकळी करते.

तिसरा वादक मृदंगम्, घटम् अथवा वीणेबरोबर वाजवणारा, बहुधा पडदे नसलेल्या बासवर गमक घेणारा. त्याच्या संगीतात स्वरावरून स्वरावर जाणारी वाटच महत्त्वाची असते, आणि ती वाट कानाला दाखवतात मध्यातील अधिस्वर. मृदंगमच्या डाव्या तोंडाचा गंभीर नाद आधीच खालचा प्रदेश व्यापून असतो. तेथे खर्ज वाढवला, तर दोन्ही वाद्ये एकमेकांना झाकतात. या वादकाने खर्जाचे नियंत्रण सोडून दिले तरी त्याचे फारसे अडत नाही. त्याला सरकते मध्य नियंत्रण किंवा वर वर्णिलेली गाळणी द्यावी. गमकाच्या स्वभावानुसार तो शिखराची जागा शोधून काढील.

लाकूड कापण्यापूर्वी

मागणीनुसार घडवलेल्या वाद्यात सर्वांत महाग चूक लाकडाची असते. मंडल बदलता येते. पण फणसाच्या अथवा शिसवीच्या पृष्ठभागावर पाडलेले छिद्र खूण न ठेवता बुजवता येत नाही. तेव्हा आधी चाचणी करणे शहाणपणाचे. कारागिराने तेच मंडल एका लहान पेटीत बांधावे, त्यात मध्य नियंत्रणाचे शिखर सरकते ठेवावे, आणि वादकाने ती पेटी आपल्या जुन्या वाद्याला जोडून काही आठवडे प्रत्यक्ष कार्यक्रमांत वापरावी. प्रत्येक कार्यक्रमानंतर बटणे कोणत्या स्थानी होती हे वहीत टिपून ठेवावे. महिन्याभराने ही वही चाळली असता चित्र सहसा स्वच्छ होते. जे बटण नेहमी मध्यावरच राहिले त्याची गरज नाही. जे नेहमी एकाच बाजूला वळलेले राहिले त्याची दुरुस्ती पिकअपच्या जागेत अथवा तारांच्या निवडीत शोधावी. किंवा तेवढी वाढ मंडलातच कायमची बसवून टाकावी. जे गाण्यागणिक फिरत राहिले त्यालाच वाद्याच्या पृष्ठभागावर स्थान द्यावे. सरकते शिखर दोनच जागी थांबत असेल, तर दोन स्थानांची एक कळ त्याचे काम करते आणि एक छिद्र वाचते.

बटणांची मांडणीही याच वहीवरून ठरवावी. आवाजाचे बटण उजव्या हाताला सर्वांत जवळ असावे. बास-ट्रेबलच्या पॉटला मध्यावर हलका खटका असला, म्हणजे अंधाऱ्या व्यासपीठावरही बोटांना तटस्थ स्थान कळते. पूर्वविवर्धकाची एकूण पातळी बाहेरील बटणावर न आणता आत, पेचकसाने फिरवता येईल अशा लहान रोधकावर ठेवावी. मंडल चालू वा वगळलेले असताना आवाज सारखाच राहील अशा बेताने ती एकदा लावून घेतली, की पुन्हा तिला हात लावावा लागत नाही.

शेवटचे काम कारागिराने करावयाचे आहे. वाद्य हाती देण्यापूर्वी मंडलाची आकृती, प्रत्येक रोधक व धारित्राचे माप आणि बॅटरीचा दाब हे एका कागदावर सुवाच्य लिहून तो कागद मेणकापडात गुंडाळून मागील झाकणाखाली ठेवावा. वाद्य पंचवीस-तीस वर्षे वाजते. मंडलातील भाग त्याच्या आतच केव्हातरी थकतात. त्या वेळी मूळ कारागीर जवळ असेलच असे नाही. मदुराईतला असो वा पुण्यातला, जो कोणी झाकण उघडील त्याला तो कागद वाचून काम पुढे नेता आले पाहिजे.